शिक्क्यावर मावेल असा शब्द हवा: उपहास, लोणकढी की बतावणी?

कानामात्रा
माध्यमसाक्षरतेवरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचे मराठी भाषांतर सध्या माझ्या हाती आहे. समाजमाध्यमांवर फिरणारी बातमी तपासून झाल्यावर तिच्यावर कोणता शिक्का मारावा, याचा एक तक्ता तीत दिलेला आहे. 'खोटी', 'दिशाभूल करणारी', 'संदर्भ तोडलेली' हे शिक्के विनासायास जमले. 'सटायर' या शिक्क्यापाशी मात्र गाडी अडली. मी 'उपहास' असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून तेथे 'खोटी बातमी' लिहिले आणि समासात टीप दिली की उपहास माणसाचा होतो, बातमीचा नाही, आणि सामान्य वाचक त्या शब्दाचा अर्थ 'कुचेष्टा' असाच घेईल. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण 'खोटी' हा शिक्का तक्त्यात आधीच आहे, आणि दोन्ही प्रकारांना एकच शिक्का मारायचा असेल तर तक्त्याची गरजच काय?

पुस्तिकेतले उदाहरण असे आहे: 'द अनियन' या अमेरिकी विनोदी वृत्तपत्राने नोव्हेंबर २०१२ मध्ये उत्तर कोरियाचे किम जोंग-उन यांना त्या वर्षीचा 'सर्वांत मादक पुरुष' ठरवले, आणि चीनच्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळाने ती बातमी खरी मानून किम यांच्या ५५ छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. 'द अनियन'मधल्या मूळ बातमीला मराठीत एका, फार तर दोन शब्दांत काय म्हणावे?

वेलांटी
'उपहास' कायम ठेवावा, असे माझे मत आहे. 'उपहासात्मक', 'उपहासगर्भ' हे शब्द मराठी समीक्षेत इतके रुळलेले आहेत की बाईंची शंका मला अनाठायी वाटते. 'उपरोध'कडे मात्र वळू नये. उपरोध एखाद्या वाक्यात असतो, तो अख्ख्या रचनेला पेलत नाही. शिवाय संस्कृतात त्याचा अर्थ अडथळा किंवा वेढा असा आहे. 'विडंबन' जवळचा असला तरी तो रूपापुरता बोलतो: कोणाची तरी ढब उचलायची आणि ती वेड्यावाकड्या आशयावर चढवायची. (याच शब्दाचे मराठीत रुळलेले दुसरे रूप 'विटंबना' आहे, हे लक्षात घेतले तर बाई तोही खोडतील.)

'द अनियन' ढब बातमीची उचलते, पण वार सहसा दुसऱ्याच कोणावर असतो. २००२ साली त्यांनी एक बातमी लिहिली की कॅपिटॉलची जुनाट इमारत पाडून सरकत्या घुमटाची नवी इमारत बांधून दिली नाही, तर अमेरिकी काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद, वॉशिंग्टन सोडून दुसऱ्या शहरात जाईल. तिकडच्या व्यावसायिक क्रीडासंघांचे मालक 'नवे स्टेडियम द्या, नाहीतर संघ हलवतो' अशी धमकी शहरांना देतात, त्यावरचा हा टोला होता. ज्याला ती धमकी ठाऊक नाही, त्याला टोला कसा लागणार? बीजिंगच्या एका सायंदैनिकाने ती बातमी जशीच्या तशी उचलली. चूक उघड झाल्यावर त्यांनी आधी दुरुस्ती छापायला नकार दिला. पुढे खुलासा केला तो असा, की काही छोटी अमेरिकी वृत्तपत्रे लोकांचे लक्ष वेधण्यासाठी आणि पैसा कमावण्यासाठी चमत्कारिक बातम्या रचतात. म्हणजे ही बातमी उपहासाची होती हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. त्यांच्या लेखी ती लबाडीच राहिली. कानामात्रा यांच्या बाईंनी 'उपहास' खोडून 'खोटी बातमी' लिहिले, तेव्हा नेमके हेच केले आहे.

शुद्धलेखक
आपल्याकडे याला तयार शब्द असताना शोधाशोध कशासाठी? व्याजस्तुती आणि व्याजोक्ती हे अलंकार आपण सर्वांनी शाळेत शिकलो आहोत. व्याज म्हणजे मिष, बहाणा. वरकरणी स्तुती आणि आतून निंदा, ती व्याजस्तुती. खरे कारण लपवून दुसरेच पुढे करणे, ती व्याजोक्ती. त्याच चालीवर वरकरणी वार्ता आणि आतून टीका, ती 'व्याजवार्ता'. शब्द एकच आहे, अर्थाने काटेकोर आहे आणि शिक्क्यावरही मावतो.

ठाणेदार
शब्द सुंदर आहे, परंतु मी ३१ वर्षे सहकारी बँकेत काढली आहेत. 'व्याजवार्ता' असा शिक्का दिसला की आमचा ठेवीदार पहिला प्रश्न विचारील की ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त आहे ना?

शुद्धलेखक
शब्दाचा मूळ अर्थ वाचक विसरला असेल, तर तो त्याला पुन्हा शिकवणे हे भाषांतरकाराचे कामच आहे. बँकेच्या खिडकीवरून शब्द ठरवायचे म्हटले, तर 'मुद्दल' आणि 'थकबाकी' याखेरीज मराठीत काही उरणार नाही.

खंदककर
आमच्या गावच्या साप्ताहिकाने माझ्या शाळकरी वयात एका १ एप्रिलला पहिल्या पानावर चौकट टाकली होती की भुईकोटाच्या खंदकात मगर दिसली आहे. मजकुरात मगरीची लांबी होती, 'प्रत्यक्षदर्शी' होते, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'आज तारीख कोणती?' असा प्रश्नही होता. तो प्रश्न कोणी वाचला नाही. दुपारपर्यंत खंदकाच्या कठड्यावर माणसे दाटीने उभी होती, भेळवाला पोचला होता, आणि ज्यांना मगर दिसली असे छातीठोक सांगणारे निदान चौघे तरी मी स्वतः ऐकले. संध्याकाळी उलगडा झाला तेव्हा आमचे आजोबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "लेकाने काय लोणकढी सोडली!"

माझा शब्द तोच आहे. लोणकढे तूप म्हणजे घरच्या लोण्याचे, ताजे कढवलेले, भेसळ नसलेले. लोणकढी थापही तशीच, नुकतीच कढवलेली आणि सत्याची किंचितही भेसळ नसलेली. वर ती सोडणारा चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही. 'द अनियन' याहून वेगळे काय करते?

वेलांटी
वेगळे हे करते की तिच्या थापेला लक्ष्य असते. मगरीच्या बातमीने कोणाला चिमटा काढला? बीबीसीने १ एप्रिल १९५७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी तोडणाऱ्या कुटुंबाची चित्रफीत दाखवली आणि कित्येक प्रेक्षकांनी ती खरी मानली. ती लोणकढी, हे मला मान्य आहे. परंतु कॅपिटॉलच्या घुमटाची बातमी कोणाला तरी बोचावी म्हणूनच लिहिलेली होती. ते बोचणे काढून टाकले तर शिक्का अपुरा पडेल.

खंदककर
साप्ताहिकाच्या संपादकांना विचारले असते, तर त्यांनी सांगितले असते की बोचणारा भाग गावाच्या वाचण्याच्या सवयीसाठीच होता. तळाची ओळ न वाचणाऱ्यांसाठी.

मोडीवाचक
इतका वेळ 'बतावणी' हा शब्द कोणाच्याच तोंडी कसा आला नाही? तमाशात गण झाला, गौळण झाली, की वग सुरू होण्याआधी बतावणी रंगते. सोंगाड्या समोरच्याशी हुज्जत घालत, भलत्याच गोष्टी गंभीर चेहऱ्याने सांगत गावच्या पाटलापासून सरकारपर्यंत सगळ्यांना टपल्या मारतो. लक्ष्य हवे, तर ते येथे आहे. निर्विकार चेहरा हवा, तर तोही आहे.

पण माझे खरे कारण दुसरे आहे. आजचे कोणतेही मराठी दैनिक उघडा, आतल्या पानावर 'पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबवले' ही बातमी सापडेलच. शब्द तोच, कृतीही तीच: आपण नाही ते असल्याचे दाखवणे. फडात बसलेल्याला ते सोंग आहे हे ठाऊक असते म्हणून तो हसतो. रस्त्यात गाठलेल्या आजींना ठाऊक नसते म्हणून त्यांच्या बांगड्या जातात. थट्टेची बातमी आणि तिच्यामुळे होणारी फसगत या दोहोंना जोडणारा याहून नेमका शब्द मला तरी दिसत नाही. 'सटायर'साठी हा इतका चपखल बसतो की इंग्रजांनीच तो आपल्याकडून घ्यावा.

शुद्धलेखक
'बतावणे' हे उघडउघड हिंदी 'बताना'चे भावंड आहे. मराठीत 'दाखवणे' आणि 'सांगणे' असताना ते आत शिरले, आणि आता आपण त्यावर शासकीय शिक्का मारायला निघालो आहोत. शिवाय त्याला गुन्ह्याचा वास आहे, हे आपणच कबूल केलेत.

मोडीवाचक
पुस्तिका शासनाची आहे असे कानामात्रा यांनी कोठेही म्हटलेले नाही. आणि उसनवारीचेच काढायचे झाले, तर 'अफवा' हा अरबी शब्द आहे, मुळात 'तोंडे' या अर्थाचा. तो बाहेर काढून आपण रोज काय वापरणार आहोत? 'खबर' अरबी. त्या 'खबर'च्याच अक्षरांची अदलाबदल होऊन 'बखर' झाली, असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि बखरींमध्ये किती खबर आणि किती बतावणी, हा वाद तर आपल्या इतिहासकारांना वर्षानुवर्षे पुरला आहे.

शुद्धलेखक
'बखर'ची ती व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. पत्राच्या शेवटी येणाऱ्या 'बखैर'कडे बोट दाखवणारेही आहेत. पण तो वेगळा विषय झाला.

ओहायोवासी
मी ज्या राज्यात राहतो, तेथील पार्मा या गावच्या एका रहिवाशाने २०१६ मध्ये स्थानिक पोलीस खात्याच्या फेसबुक पानाची हुबेहूब नक्कल करून त्यावर थट्टेच्या घोषणा टाकल्या. पोलिसांनी त्याला अटक केली, त्याने चार दिवस कोठडीत काढले, पुढे ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. त्याने उलट दावा लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेले. त्या वेळी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, 'द अनियन'ने न्यायमित्र म्हणून, म्हणजे स्वतः पक्षकार नसताना, न्यायालयाला एक निवेदन सादर केले. त्यात आपले रोजचे वाचक ४.३ लाख कोटी असल्याचे गंभीरपणे नमूद केले आहे, आणि 'तू मूर्ख आहेस' या अर्थाचे लॅटिन बोधवाक्यही न्यायमूर्तींच्या सेवेस रुजू केले आहे. मुद्दा मात्र खरोखरीचा होता: विडंबन चालते तेच मुळी वाचक क्षणभर फसतो म्हणून. आधीच 'ही थट्टा आहे' अशी पाटी लावली, तर तो क्षण जातो आणि विडंबनही जाते. न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

म्हणून मला शब्दापेक्षा शिक्क्याचीच अडचण वाटते. फेसबुकने २०१४ मध्ये अशा दुव्यांपुढे 'सटायर' अशी खूण लावून पाहिली होती, तेव्हाही हाच प्रश्न उपस्थित झाला होता.

वेलांटी
सोंगाड्याच्या टोपीवर पाटी नसते हे खरे, पण त्याच्या पायाखाली फड असतो. समाजमाध्यमावर तो फडच काढून घेतला जातो. बातमीचा मथळा तेवढा कापून त्याचे चित्र पुढे पाठवले जाते आणि वृत्तपत्राचे नाव कात्रीखाली जाते. ६ फेब्रुवारी २०२० रोजी लोकसभेत पंतप्रधानांनी ओमर अब्दुल्ला यांच्या तोंडचे म्हणून एक विधान सांगितले, की कलम ३७० हटवल्यास भूकंप होईल आणि काश्मीर भारतापासून वेगळे होईल. ते विधान 'फेकिंग न्यूज' या विनोदी संकेतस्थळावरच्या २०१४ मधील मजकुरातले होते, हे तथ्यपडताळणी करणाऱ्यांनी दाखवून दिले. सहा वर्षांत विधान उरले आणि संकेतस्थळाचे नाव गळून पडले.

ठाणेदार
राजकारण आणू नये, ही विनंती. बाकी 'फेकिंग' हे नाव मराठी कानांना अंमळ जास्तच कळते, कारण आपल्याकडे 'फेकणे' आधीपासून आहे.

वेलांटी
राजकारण नको असेल तर दगड घ्या. रोज निदान एक लहान दगड खावा असा भूशास्त्रज्ञांचा सल्ला असल्याची बातमी 'द अनियन'ने २०२१ मध्ये लिहिली होती. मे २०२४ मध्ये गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने, किती दगड खावेत या प्रश्नावर, तोच सल्ला शोधकर्त्यांना गंभीरपणे दिला. यंत्राला आपला 'उपहास'ही कळत नाही आणि 'बतावणी'ही. त्याला कळेल ती फक्त पाटी.

कानामात्रा
सर्वांचे आभार. बाईंना 'उपहास', 'लोणकढी', 'बतावणी' आणि 'व्याजवार्ता' हे चारही शब्द कळवले. त्यांनी होकारही दिला नाही आणि नकारही. उलट एक प्रश्न केला, ज्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. त्या विचारतात की शिक्का नेमका कोणत्या बातमीवर मारायचा? 'द अनियन'मधली किम यांची बातमी आणि 'पीपल्स डेली'वरची बातमी यांतले किम यांच्या रूपाचे वर्णन एकच आहे. पहिली बतावणी मानली, तर दुसरी काय? दुसरीत कोणी कोणाला टपली मारलेली नाही, थट्टा करण्याचा हेतू नाही आणि सांगितलेली गोष्ट घडलेली नाही. बाईंच्या मते ती सरळसरळ 'खोटी बातमी' आहे, आणि वाचकाच्या हाती बहुधा दुसरीच पडत असल्याने आपला शिक्का बरोबर होता, असे त्यांचे म्हणणे आहे.

मोडीवाचक
बाई हुशार आहेत. परंतु 'द अनियन'ने आपल्या बातमीखाली नंतर एक ओळ वाढवली, की अधिक वृत्तांतासाठी आमचे मित्र 'पीपल्स डेली' यांच्याकडे जावे, ती आमचीच अभिमानास्पद कम्युनिस्ट उपकंपनी आहे. म्हणजे दुसरी बातमीही त्यांनी आपल्या फडात ओढून घेतली. आता तिला निव्वळ खोटी कसे म्हणावे?

ओहायोवासी
सप्टेंबर २०१२ मध्ये इराणच्या फार्स वृत्तसंस्थेनेही असेच केले होते. अमेरिकेच्या ग्रामीण भागातील गोऱ्या मतदारांना ओबामांपेक्षा इराणचे तेव्हाचे अध्यक्ष अहमदीनेजाद अधिक पसंत आहेत, हे 'द अनियन'चे रचलेले सर्वेक्षण त्यांनी मूळ वृत्तपत्राचे नावही न देता स्वतःची बातमी म्हणून दिले. त्यांनी चूक कबूल केली, पण खरे सर्वेक्षण घेतले तरी निकाल फारसा वेगळा येणार नाही, अशी पुस्तीही जोडली. त्या पुस्तीवर कोणता शिक्का मारावा, हे बाईंनाच विचारायला हवे.

वेलांटी
मग तक्त्यात एक रकाना वाढवा. मूळ मजकूर कोणत्या प्रकारचा होता हे एका रकान्यात, आणि तो पुढे कोणी कसा छापला हे दुसऱ्यात. किम यांच्यापुढे पहिल्यात 'उपहास' आणि दुसऱ्यात 'खोटी'.

शुद्धलेखक
रकान्याला हरकत नाही; शीर्षकात 'छापला' नको. संकेतस्थळावर काही छापले जात नाही. 'प्रसृत केला' असे लिहावे.

ठाणेदार
'प्रसृत' वाचून आमचा ठेवीदार प्रसूतिगृहाचा पत्ता विचारील.