तळ्यांच्या विज्ञानातले शब्द : प्लवक, पालट, सुपोषण

गोड्या पाण्यातल्या परिसंस्थांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधिकेचं व्याख्यान मराठीत आणतो आहे. तळी तापू लागली की त्यांतल्या प्लँक्टनचं काय होतं, हा विषय. तीन ठिकाणी अडलो आहे. प्लँक्टनला ‘तरंगणारे सूक्ष्मजीव’ म्हटलं तर चालेल का? युट्रोफिकेशनला, म्हणजे पाण्यात पोषक द्रव्यं फाजील साठण्याला, ‘सुपोषण’ म्हणतात, पण वाक्यात घातलं की अर्थ उलटा लागतो. आणि तळ्याच्या ‘टर्नओव्हर’ला काय म्हणावं? ‘उलाढाल’ सुचला, पण त्याला बाजाराचा वास आहे.

———

‘तरंगणारे’ नको. प्लँक्टन हे नाव जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ साली दिलं. त्यामागच्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भटकणारा, वाहवत जाणारा’ असा आहे. पाण्यावर राहणं हा त्यातला मुद्दाच नाही. प्रवाहापुढे आपलं काही न चालणं हा आहे. डायाटम या एकपेशीय शैवालाचं उदाहरण घ्या. झाकणाच्या करंड्यासारखं सिलिकाचं कवच असतं म्हणून त्यांना ‘करंडक’ असाही शब्द आहे, आणि तो मला फार नेमका वाटतो. हे करंडक पाण्याहून जड असतात. पाणी ढवळलं जात असेल तोवर वर टिकतात, ते थांबलं की बुडू लागतात. डॅफ्निया, म्हणजे पाण्यातली इवलीशी पाणपिसू, तर चांगली पोहते. अनेक तळ्यांत ती दिवसा खोल जाते आणि रात्री वर येते. पण आडवा प्रवाह आला की तीही वाहत जाते. या दोघांना ‘तरंगणारे’ म्हणणं चूक ठरेल.

‘प्लवक’ मात्र बिनदिक्कत वापरा. संस्कृत ‘प्लु’ धातूच्या पोटात तरंगणं, पोहणं, उडी घेणं असं सगळं येतं. ‘प्लव’ म्हणजे तराफा आणि ‘प्लवंग’ म्हणजे माकड, दोन्ही त्याच धातूचे. तराफ्याची उपमा तर इथे चपखल बसते. फक्त ‘प्लावक’ लिहू नका. तो प्रयोजक आहे : पाण्यावर उचलून धरतं ते प्लावक बल, आणि जो जीव पाण्याच्या स्वाधीन असतो तो प्लवक. एका कान्याने कर्ता बदलतो. छापील मजकुरातही ही गल्लत मी पाहिली आहे.

आता टर्नओव्हर. माझ्या मते तुमच्या अनुवादाचा कणा हाच शब्द आहे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. समशीतोष्ण प्रदेशातलं खोल तळं उन्हाळ्यात थर धरतं : वर ऊबदार हलकं पाणी, तळाशी गार जड पाणी. वरचे एपिलिम्निऑन, खालचे हायपोलिम्निऑन ही नावं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एडवर्ड बर्ज यांची. शरदात वरचं पाणी गार होत होत खालच्याच्या बरोबरीला येतं, आणि मग वारा सगळं तळं एक करून टाकतो. प्राणवायू तळाला पोचतो, तळाचं फॉस्फरस वर येतं.

याला ‘पालट’ म्हणा. हवापालट, खांदेपालट आपण म्हणतोच, तसा पाणीपालट. ‘तळ्याने पालट घेतला’ हे वाक्य कुणालाही कळेल.

हवामानबदलाचा सगळा मामला या पालटाशी येऊन ठेपतो. पाणी ४ वरून ५ अंशांवर गेलं तर घनता जेवढी घटते, त्याच्या सुमारे ३० पट ती २४ वरून २५ वर जाताना घटते. म्हणजे आधीच ऊबदार असलेला थर आणखी एका अंशाने तापला, तरी थरांमधला घनतेचा फरक बराच वाढतो. ‘तापमान वाढलं’ एवढंच लिहिलंत तर वाचकाला तळं कोमट झालेलं दिसेल. ‘थर लवकर धरले, पालट लांबला’ असं लिहिलंत तर तळाशी प्राणवायू का संपतो तेही दिसेल. जगभरच्या ३९३ तळ्यांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की १९८० नंतर खोल पाण्यातला प्राणवायू १८.६ टक्क्यांनी घटला, पृष्ठभागी ५.५ टक्क्यांनी.

———

पालटाऐवजी ‘घुसळण’ कसा वाटतो? आणि शैवाल एकाएकी फोफावतं त्याला ‘शैवालबहर’ म्हटलं तर?

———

घुसळण चांगला शब्द आहे, पण त्यात बळ बाहेरून लावलेलं असतं. वारा उन्हाळ्यातही वाहतो, तरी तेव्हा तळं एक होत नाही, कारण थर त्याला दाद देत नाहीत. म्हणून वाऱ्याच्या कामाला घुसळण आणि तळ्यावर होणाऱ्या परिणामाला पालट, असे दोन्ही ठेवावेत.

‘बहर’ वसंतातल्या करंडकांना शोभतो. त्यांच्यावर सगळं जेवण चालतं : पाणपिसवा ते चरतात आणि एक वेळ अशी येते की पाणी निवळतं. आपल्याकडे निवळणं म्हणजे गाळ खाली बसणं. इथे ते चरून चरून निवळलेलं असतं. तरीही ‘निवळ’ हाच शब्द वापरावा, अर्थ थोडा रुंदावू द्यावा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन सरोवरात १९६२ ते २००२ या काळात करंडकांचा बहर सुमारे १९ दिवस अलीकडे सरकला आणि पाणपिसवांची वेळ तेवढी सरकली नाही. पान वाढलं तेव्हा पंगत आलीच नव्हती. ‘कालविसंगती’ असा जड शब्द करण्यापेक्षा ‘वेळ चुकली’ म्हणा.

पण सायनोबॅक्टेरियांना, म्हणजे शेवाळासारख्या निळ्या-हिरव्या जिवाणूंना, बहर म्हणू नये. मराठीत तण माजतं, रान माजतं, तसं शेवाळही माजतं. यांच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे थर धरलेल्या, न हलणाऱ्या पाण्यात ते वर येऊन प्रकाश अडवतात. ‘तरंगणारे’ हे विशेषण शोभतं ते यांनाच! २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ईरी सरोवरात यांचं विष नळाच्या पाण्यात उतरलं आणि टोलीडो शहराच्या परिसरातल्या सुमारे पाच लाख लोकांना पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. याला बहर म्हणवत नाही.

‘सुपोषण’चंही तेच. ग्रीक ‘यु’ म्हणजे चांगलं, त्यामुळे शब्दाला शब्द म्हणून ते बरोबर आहे. पण कुपोषणाच्या उलट अर्थाने तो शब्द आता मुलांच्या वाढीकडे गेला आहे, आणि तो तिथेच राहावा. तळ्यासाठी ‘अतिपोषण’ घ्या.

———

आभारी आहे. व्याख्यानात सायबेरियातल्या बैकाल सरोवराचा भाग आहे. जीवशास्त्रज्ञ मिखाईल कोझोव्ह यांनी १९४५ च्या सुमारास तिथे नमुने घ्यायला सुरुवात केली, पुढे ते काम मुलीने आणि मग नातीने चालवलं. वाक्य असं जमलं आहे : ‘साठ वर्षांच्या या नोंदींतून दिसलं, की बैकालचं वरचं पाणी १९४६ पासून १.२१ अंशांनी तापलं आणि प्राणिप्लवकांची घडी बदलली.’

———

‘घडी बदलली’ नको, ती विस्कटते किंवा बसते. कोण वाढलं ते सरळ सांगा : ‘आणि पाणपिसवांच्या कुळातले प्लवक तिथे वाढले.’