शब्दचर्चा : ‘बैलजोडीच्या पेटीत’ की ‘बैलजोडीवर’?

हळदपेठ, सांगली : निवडणुकीला आपल्याकडे तीन क्रियापदं चालतात : मत देणे, मत टाकणे, शिक्का मारणे. ‘बटण दाबणे’ हे अगदी अलीकडचं. समजा, तारीख नसलेल्या जुन्या पत्रकावर ‘बैलजोडीच्या पेटीत मत टाका’ असं छापलंय. नुसत्या ‘टाका’वरून ते पहिल्या निवडणुकीचं धरता येईल का?

अजिंक्यतारा : ‘टाका’वरून नाही. शिक्क्याच्या काळातही मतपत्रिका घडी घालून पेटीतच टाकायची होती, त्यामुळे ‘मत टाकणे’ तेव्हाही टिकलं. आज यंत्र आलं तरी लोक ‘मत टाकून आलो’ म्हणतातच. क्रियापद सोडा, त्याच्या आधीचा शब्द बघा. ‘बैलजोडीवर’ असेल तर शिक्का, ‘बैलजोडीच्या पेटीत’ असेल तर जुनी पद्धत.

१९५१-५२ च्या आणि १९५७ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. आडोशाच्या आत पेट्या ओळीनं मांडलेल्या आणि पेटीवर त्या त्या उमेदवाराचं चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढी, नाशिकच्या छापखान्यात छापलेली. तिच्यावर ना उमेदवाराचं नाव, ना चिन्ह. मतदारानं काहीही खूण करायची नाही, हव्या त्या पेटीच्या फटीत कागद सरकवायचा, की झालं. म्हणजे मत कुणाला गेलं हे कागद सांगत नव्हता, पेटी सांगत होती. १९६२ पासून सर्वसाधारणपणे एकच पेटी आणि चिन्हं छापलेली मतपत्रिका आली. मग ‘-च्या पेटीत’ला अर्थच उरला नाही.

बैलजोडी हे काँग्रेसचं चिन्ह १९६९ च्या फुटीपर्यंत होतं. त्यामुळे नुसत्या चिन्हावरून १९५२ ते १९६७ मधली कुठलीही निवडणूक निघते. ‘पेटीत’ शब्द आला की उरतात दोनच : ५२ किंवा ५७.

माणदेशी : ‘पारड्यात मत टाकणे’ हे विसरू नका. तिथे तराजू आहे, पेटी नाही. तेव्हा ‘टाकणे’ फक्त पेटीतून आलं हे मला पटत नाही.

अजिंक्यतारा : मान्य. मूळ मी पेटीत शोधतच नाही. पेटीनं त्या शब्दाला घर दिलं, एवढंच.

वारणेकाठी : या पद्धतीत ‘बाद मत’ म्हणजे काय, हा मला जास्त गमतीचा भाग वाटतो. शिक्का दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर बसला, दोन चिन्हांवर मारला, की मत बाद, हे आपल्याला पाठ आहे. पेटीच्या पद्धतीत यातलं काहीच होत नव्हतं. तिथे घोळ वेगळे. कागद फटीत न जाता पेटीच्या वर किंवा टेबलावरच राहायचा आणि तो कुणाचाच धरता यायचा नाही. काही ठिकाणी पेटीलाच हात जोडून फुलं वाहिली गेली.

खरी पळवाट पुढेच. कागद कोराच, मग तो पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणता येत होता. बाहेर तो विकत घेणारा असे. मग एखादाच माणूस स्वतःच्या मताबरोबर अशा चार-पाच पत्रिका एकाच पेटीत सरकवायचा. आडोशाच्या आत कोण बघतंय? मतपत्रिकेवर खूण करायची पद्धत आणण्यामागे हे एक मोठं कारण होतं. शिवाय उमेदवार वाढले की पेट्या वाढायच्या. त्यातून लोकसभा आणि विधानसभेचं मतदान बरोबरच, म्हणजे पेट्यांचे दोन संच.

मोजणीला मात्र ही पद्धत सोपी. पत्रिका वेगळ्या काढण्याची भानगड नाही, ज्याची पेटी त्याची मतं.

शिक्क्याच्या काळात एक नवा शब्द घुसला, ‘उमटणे’. मतपत्रिका आडवी दुमडली की ओली शाई समोरच्या उमेदवाराच्या रकान्यात उमटायची आणि मोजणीच्या टेबलावर वाद. म्हणून आधी उभी घडी, मग आडवी, असं मतदाराला बजावायचं. शिक्क्यात बाणांची फुली असते तीही याच कारणानं. उमटलेली फुली उलट्या दिशेनं फिरलेली दिसते, त्यावरून मूळ शिक्का कुठला ते कळतं.

हळदपेठ, सांगली : ‘राखीव मतदारसंघ’ आणि ‘राखीव जागा’ यांत काही फरक आहे का? ५२ च्या संदर्भात दोन्ही शब्द सरसकट वापरलेले दिसतात.

अजिंक्यतारा : फरक आहे आणि तो पाळला जात नाही. ५२ मध्ये बऱ्याच ठिकाणी मतदारसंघ द्विसदस्य होते : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. तिथे राखीव असायची ती जागा, मतदारसंघ नव्हे. १९६१ च्या कायद्यानं द्विसदस्य मतदारसंघ मोडले. त्या जोडमतदारसंघांबद्दल बोलताना ‘राखीव जागा’ हाच शब्द बरोबर.

मतदाराला दोन मतं असायची, पण दोन्ही एकाच उमेदवाराला चालत नव्हती. दिलीच, तर एक धरायचं, दुसरं बाद. निकाल लावताना आधी राखीव जागा भरायची : त्या वर्गातल्या उमेदवारांत ज्याची मतं सर्वांत जास्त, तो निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत, राखीव वर्गातले बाकीचे उमेदवार धरून, जो पुढे तो दुसरा. त्यामुळे दोन्ही जागा राखीव वर्गाकडे जाऊ शकत. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम लोकसभा मतदारसंघात तसंच झालं आणि व्ही. व्ही. गिरी पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही गिरी हरले. म्हणून या जागेला ‘दुसरी जागा’ म्हणा हवं तर, पण ‘खुली’ आणि ‘राखीव’ अशी सरळ वाटणी समजू नका.

माणदेशी : ‘पडणे’ आलंच आहे तर सांगतो. मराठीत मतंही पडतात आणि उमेदवारही पडतो. एकात मिळणं, दुसऱ्यात जाणं. ५२ च्या निवडणुकीत मोरारजी देसाई १९ मतांनी पडले आणि तरी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. ३१५ पैकी २६९ जागा काँग्रेसच्या, तेव्हा पक्षाला अडचण नव्हती. त्या वेळी आपल्याकडून सांगलीतून वसंतदादा आणि कराड उत्तरमधून यशवंतराव चव्हाण निवडून आले होते.

वारणेकाठी : ‘डिपॉझिट जाणे’ वापरताना हिशेबही ध्यानात ठेवा. विधानसभेसाठी अनामत रक्कम तेव्हा २५० रुपये होती, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. ती परत मिळायला आज एकूण मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं लागतात, तेव्हा आठव्या हिश्श्याहून जास्त लागायची. नुसत्या हिशेबापुरतं धरा : एकसदस्य मतदारसंघात ४०,००० मतं, तर ५,००० च्या वर हवीत. नेमकी ५,००० पडली तरी अनामत जप्त. द्विसदस्य मतदारसंघात मतं दुप्पट, म्हणून आठव्या हिश्श्याला पुन्हा दोननं भागायचं. ८०,००० चे १०,००० आणि त्याचे ५,०००. हे भागणं विसरून जुन्या आकड्यांवरून ‘डिपॉझिट गेलं’ असं ठोकून देणारे पुष्कळ.

‘अनामत’ म्हणजे विश्वासानं ठेवलेलं, परत मिळायचं. ‘अनामत भरली’ म्हणतात ते मला खटकतं, ‘ठेवली’ हवं. पण आता रूढ झालं, भांडून उपयोग नाही.

हळदपेठ, सांगली : मग पत्रक ५२ चं की ५७ चं, ते कसं ओळखायचं?

अजिंक्यतारा : ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असेल तर त्यावरून निवडता येणार नाही. सांगली जिल्हा हे नाव नोव्हेंबर १९६० चं, त्यामुळे दोन्ही वेळा ‘दक्षिण सातारा’च असणार. विरोधी पक्षाचं चिन्ह बघाल, तर झोपडीवरून फसू नका. ५२ ला ती किसान मजदूर प्रजा पक्षाची, ५७ ला प्रजासमाजवादी पक्षाची. चिन्हापेक्षा पक्षाचं नाव वाचा. आणि पत्रकात ‘संयुक्त महाराष्ट्र समिती’ किंवा ‘द्वैभाषिक’ हे शब्द सापडले, तर ते ५७ चं. द्विभाषिक मुंबई राज्य १ नोव्हेंबर १९५६ ला झालं, त्यामुळे ५२ च्या पत्रकात ते शब्द येण्याचा प्रश्नच नाही.