पणजी हयात असताना तिचं हाकेचं नाव पणतीला द्यावं का?

कृष्णाकाठ:
आमच्या भाचीला मुलगी झाली. बारसं तोंडावर आलंय आणि नावावरून घरात रोज बोलणी चाललीत. काल भाची म्हणाली, "हॅरी-मेगनने नाही का पणजीचं नाव ठेवलं, तेही ती असताना?" तेव्हापासून डोक्यात हेच आहे, म्हणून इथे मांडते.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: ४ जून २०२१ ला कॅलिफोर्नियात सांता बार्बराला ब्रिटनचा राजपुत्र हॅरी आणि त्याची बायको मेगन यांना मुलगी झाली. नाव ठेवलं लिलिबेट डायना. डायना म्हणजे हॅरीची आई, १९९७ मध्ये गेलेली. त्या नावाबद्दल कुणाचं काही म्हणणं असायचं कारण नाही. माझा आक्षेप लिलिबेटला आहे. हॅरीच्या आजीला, म्हणजे ब्रिटनच्या एलिझाबेथ राणीला, लहानपणी स्वतःचं नाव धड म्हणता येत नसे. ती जे बोबडं बोलायची तेच घरात रुळलं, आजोबा पाचवे जॉर्जसुद्धा तिला तसंच म्हणू लागले. पुढे सगळं जग तिच्यापुढे झुकलं, पण तिला लिलिबेट म्हणणारी माणसं मोजकीच राहिली. त्यातले वडील १९५२ मध्ये गेले. बहीण मार्गारेट आणि आई, दोघी २००२ मध्ये, दोन महिन्यांच्या आत. आईच्या शवपेटीवर राणीने जे फुलांचं चक्र ठेवलं, त्याच्या कार्डावर नाव होतं 'लिलिबेट'. आणि नवरा, फिलिप, ९ एप्रिल २०२१ ला गेले.

त्यानंतर बरोबर ५६ दिवसांनी ही मुलगी जन्मली.

एलिझाबेथ नाव ठेवलं असतं तर मी अवाक्षर काढलं नसतं. ते पाळण्यातलं नाव आहे, वंशाचं आहे, कुणीही घ्यावं. हाकेचं नाव तसं नसतं. ते आईने मारलेल्या हाकेत असतं, नवऱ्याच्या पत्रात असतं. माणूस जिवंत आहे, नुकताच एकटा पडलाय, आणि तेच नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर? मला हे आजही पटत नाही.

सॅनहोजेकर:
ताई, मी तुमच्या अगदी उलट मताचा आहे. तुम्हीच लिहिलंत की लिलिबेट म्हणणारी माणसं एकेक करून गेली. मग ते नाव कुणाच्या तोंडी राहणार होतं? गावाकडे आमची आजी चूल विझली की शेजारून निखारा मागून आणायची. नातवाने तेच केलं. आजीच्या चुलीतला विस्तव आपल्या घरी नेला.

आणि लपूनछपून काही नव्हतं. त्यांच्या निवेदनातच लिहिलं होतं की पणजीच्या घरगुती नावावरून हे नाव ठेवलंय. बकिंगहॅम राजवाड्यानेही आनंद झाल्याचं कळवलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये, राणीच्या कारकिर्दीच्या सत्तरीच्या सोहळ्याला, ते मुलांना घेऊन गेले. मुलीचा पहिला वाढदिवस विंडसरला झाला. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला राणी गेल्या. म्हातारपणी पणतीच्या रूपाने आपलं नाव पुन्हा घरात आलेलं त्यांना बघायला मिळालं, यात अपमान कुठे आला? गेल्यावर नाव ठेवून काय उपयोग, ज्याला कौतुक वाटायचं तोच नसतो.

कृष्णाकाठ:
सांगणं वेगळं आणि विचारणं वेगळं. बीबीसीने राजवाड्यातल्या सूत्राच्या हवाल्याने बातमी दिली की राणीला विचारलंच नव्हतं. हॅरीच्या बाजूने उत्तर आलं की जाहीर करण्याआधी घरी बोलणं झालं होतं, आजींचा पाठिंबा नसता तर हे नाव ठेवलंच नसतं. कोण खरं यात मला पडायचं नाही. पण ९५ वर्षांची, नवरा गेलेली बाई, नातवाचा सातासमुद्रापलीकडून फोन. कुठली आजी "नको" म्हणेल? अशा वेळी मिळालेल्या होकाराला मी होकार मानत नाही.

अण्णा सातारकर:
आमच्याकडे हा प्रश्नच आला नसता. हयात माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. आजोबा गेले आणि वर्षभरात नातू झाला की "आजोबाच परत आले" म्हणतात आणि तेच नाव ठेवतात. यामागे व्यवहारही आहे. सासऱ्याचं नाव पोराला ठेवलं तर सुनेने त्याला हाक कशी मारायची? जुन्या बायका सासू-सासऱ्यांचं नाव तोंडातून काढत नसत. म्हणून तर कितीतरी घरांत आजोबाचं नाव असलेलं पोर साठीला आलं तरी 'बाळ'च राहिलं. माझे थोरले काका कागदोपत्री दत्तात्रय, पण त्यांच्या आईने जन्मात कधी ते नाव उच्चारलं नाही.

इतिहासवेडी:
अण्णा, तुमचं बरोबर आहे, पण आपली फूटपट्टी विंडसरला लावून चालणार नाही. तिकडची रीत मुळातच वेगळी. एलिझाबेथ राणीचंच घ्या. १९२६ मध्ये जन्म, नावं तीन: एलिझाबेथ अलेक्झांड्रा मेरी. एलिझाबेथ ही तिची आई, मेरी ही आजी, दोघी तेव्हा हयात. फक्त पणजी अलेक्झांड्रा काही महिन्यांपूर्वी गेली होती. मायलेकी एकाच नावाच्या असल्यामुळे १९५२ नंतर आईला 'क्वीन मदर' म्हणायची वेळ आली.

त्याच्याही मागे जा. १८१९ मध्ये केन्सिंग्टन राजवाड्यात व्हिक्टोरियाचा नामकरणविधी झाला. आईवडिलांनी नावांची यादी केली होती, पण काका, म्हणजे तेव्हाचे प्रिन्स रीजंट (राजाच्या वतीने कारभार पाहणारे राजपुत्र), ऐन विधीत अडून बसले. माझ्या नावावरून जॉर्जियाना ठेवायचं नाही, शार्लट नको, ऑगस्टा नको. शेवटी धर्मपिता असलेल्या रशियाच्या झारवरून अलेक्झांड्रिना आणि आईवरून व्हिक्टोरिया. दोघंही जिवंत. १९३० मध्ये धाकट्या मुलीचं नाव अ‍ॅन ठेवायचं एलिझाबेथच्या आईच्या मनात होतं, तर पाचव्या जॉर्जना ते आवडलं नाही, म्हणून ती मार्गारेट रोझ झाली. म्हणजे हयात माणसाचं नाव ठेवण्याला तिथे कधीच बंदी नव्हती. अधिकार घरातल्या वडीलधाऱ्याचा असे, एवढंच.

युरोपात इतरत्रही तेच. स्पेनची राजकन्या सोफिया २००७ मध्ये जन्मली, आजी सोफिया राणी हयात. स्वीडनची राजकन्या एस्टेल, तिच्या नावांत तर सिल्व्हिया आणि एवा, दोन्ही आज्या आहेत. ज्यू लोकांमध्ये दोन तऱ्हा दिसतात: अश्केनाझी (मूळचे मध्य आणि पूर्व युरोपातले) हयात नातलगाचं नाव टाळतात, सेफार्दी (मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे) आजीआजोबांचं हौसेने ठेवतात. तेव्हा कुठल्या गावची रीत बरोबर, हे इथे बसून ठरणार नाही. मला तरी या नावात प्रेमच दिसतं.

मृद्गंध:
सगळे राणीबद्दल बोलताय. त्या पोरीचं काय? जन्मल्याच्या आठवड्यातच तिच्या नावाच्या त्या बातमीवरून हॅरीच्या वकिलांची पत्रं गेली. मोठी होऊन ती हे सगळं वाचणार आहे. घरात तिला लिली म्हणतात हे वाचून मला बरं वाटलं. तिचं तिचं असं एक नाव तरी आहे.

कृष्णाकाठ:
मृद्गंध, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच.

इतिहासवेडी ताई, तुमचं सगळं मान्य. पण तुमची उदाहरणं पुन्हा वाचा. एलिझाबेथ, मेरी, व्हिक्टोरिया, सोफिया, सिल्व्हिया. सगळी पाळण्यातली नावं. व्हिक्टोरियाला लहानपणी घरात 'ड्रिना' म्हणत, तुम्ही दिलेल्यांपैकी कुणाला तसलं नाव दिलंय? मी हयातीबद्दल भांडतच नाहीये. २०१५ मध्ये हॅरीच्या भावाने, विल्यमने, मुलीला शार्लट एलिझाबेथ डायना ठेवलं, त्यातही हयात पणजी आणि गेलेली आजी दोघी आहेत, आणि ते मला फार सुंदर वाटलं होतं. तिथे पणजीचं तिच्यापाशीच राहिलं.

खाडीकाठ:
मी सहसा वाचतेच फक्त, पण आज लिहिते. माझ्या आजीचं पाळण्यातलं नाव सरस्वती, पण तिचे भाऊ तिला 'बकू' म्हणायचे. बकुळीची फुलं वेचत बसायची म्हणून. माझी मुलगी झाली तेव्हा शेवटचे मामाआजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. मी बकुळ नाव ठेवायचं ठरवलं आणि आजीला विचारायला गेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, दुखावली. मग म्हणाली, "ठेव. पण बकू म्हणू नका तिला. बकुळ म्हणा." आम्ही आजतागायत बकुळच म्हणतो. कृष्णाकाठ, तुम्ही म्हणता ते मला म्हणून कळतं. आणि सॅनहोजेकर म्हणतात तेही. बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं तेव्हा आजीने पदर डोळ्यांना लावला होता.

सॅनहोजेकर:
खाडीकाठ, तुमच्या आजीने वाटणी केली. हे मला सुचलं नसतं. तरी मी म्हणेन की हॅरीच्या आजीनेही मनात काहीतरी असंच केलं असेल, आपल्याला ते कळणार नाही.

कृष्णाकाठ:
असेलही. माझं मत बदललेलं नाही, पण भाचीला आत्ताच फोन केला. तिच्या मनात माझ्या आईचं हाकेचं नाव आहे, जे आता फक्त मावशीच्या तोंडी उरलंय. तिला म्हटलं, फोनवर विचारू नकोस, बाळाला घेऊन वाईला ये आणि आजीसमोर बस. मावशीलाही बोलावून घेते. दोघींनी काय ते ठरवावं.