कोकणातल्या होमस्टेसाठी पुस्तकं आणि खेळ

होमस्टेत पाहुण्यांसाठी कॅरम ठेवावा का, असा प्रश्न पडतो. जरूर ठेवा, पण पावसाळ्याचा विचार करून. बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवला की दमट हवेत प्लायला बाक येतो आणि सोंगट्या एकाच कोपऱ्याकडे घसरतात. तो सपाट, जमिनीपासून उंच ठेवा. 9 काळ्या, 9 पांढऱ्या, राणी आणि स्ट्रायकर एका झाकणाच्या डब्यात. झाकणावर आत हीच संख्या लिहा, म्हणजे पाहुणे गेल्यावर मोजणी पटकन होते. दोन्ही रंगांच्या दोन-दोन जादा सोंगट्या आणि एक स्ट्रायकर तुमच्याकडे असू द्या. बोरिक पावडर मात्र मागितल्यावरच द्या, लहान मुलांच्या पोटात ती जाता कामा नये.

पत्ते प्लास्टिकचेच घ्या, कागदी लगेच फुगतात.

पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. पुस्तकं गच्च कोंबली की हवा खेळत नाही. बुरशी आणि कसर तिथेच लागते. डांबरगोळ्या खेळांच्या डब्यात टाळा, काही प्लास्टिक त्यांनी मऊ पडतं. दोन रात्रींच्या पाहुण्याला जाड कादंबरीपेक्षा दिवाळी अंक आणि कथासंग्रह जास्त उपयोगी.