शब्दचर्चा : गाठ, लसीका ग्रंथी आणि अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया

प्रश्न (दादर) : परळला उपचारांसाठी येणाऱ्या बाहेरगावच्या स्त्रियांकरिता अंडाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेविषयी एक माहितीपत्रक लिहीत आहे. रोग अंडाशयापुरताच आहे असे दिसत असतानाही ‘लिम्फ नोड’ (लसीका हा शरीरातील पातळ द्रव गाळणारे छोटे अवयव) काढतात, हे त्यात सांगायचे आहे. मसुद्यात एकाने ‘गाठी’ लिहिले आहे, दुसऱ्याने ‘लसीका ग्रंथी’. कोणता शब्द ठेवावा?

प्रतिसाद (गिरगाव) : ‘गाठी’ कृपया ठेवू नये. आपल्या बोलण्यात पोटात गाठ निघाली म्हणजे रोगच निघाला. त्यामुळे ‘वीस गाठी काढल्या’ असे वाचणाऱ्या घरच्या माणसांना कर्करोग वीस ठिकाणी पसरला होता असेच वाटेल, आणि प्रत्यक्षात त्या वीसही निरोगी असू शकतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ती सुजलेली लसीका ग्रंथीच असते. अवधाण हा सुजेचा शब्द असल्यामुळे तो येथे नाव म्हणून चालणार नाही, पण समजावून सांगताना अवश्य वापरावा. खेड्यातल्या आजींनाही तो लगेच कळतो.

प्रतिसाद (मुलुंड) : काटेकोरपणे पाहिल्यास ग्रंथी स्राव तयार करते आणि लिम्फ नोड तसे करत नाही, म्हणून काही जण ‘लसीका पर्व’ सुचवतात, परंतु मराठी वाचकाला पर्व म्हटल्यावर महाभारत आठवते. ‘लसीका ग्रंथी’ रुळलेला आहे, तोच ठेवावा. फक्त ‘लस’ असे तोडू नये.

प्रतिसाद (परळ) : नामापेक्षा मला क्रियापदाची काळजी अधिक वाटते. ‘काढणे’ एवढेच लिहिले तर तो उपचाराचा भाग वाटतो, आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचे मुख्य काम रोगाचा खरा टप्पा ठरवणे हे आहे. अंडाशयातील लसीका एका वाटेने ओटीपोटातील ग्रंथींकडे आणि दुसऱ्या वाटेने, अंडाशयाच्या रक्तवाहिन्यांच्या सोबतीने, थेट मूत्रपिंडांच्या पातळीपर्यंत महाधमनीलगतच्या ग्रंथींकडे जाते. म्हणून खालच्या आजारासाठी इतक्या वर का शोधले, हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक आहे आणि पत्रकात त्याचे उत्तर असायला हवे. डोळ्यांना निरोगी दिसलेल्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तर फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2014 च्या वर्गीकरणानुसार पहिला वाटणारा टप्पा 3ए1, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातला एक उपटप्पा, होतो आणि केमोथेरपीचा निर्णय बदलू शकतो.

‘नमुना घेणे’ (मोजक्याच ग्रंथी काढणे) आणि ‘पद्धतशीर उच्छेदन’ (ठरलेल्या भागातील सर्व ग्रंथी काढणे) हे दोन शब्दप्रयोगही वेगळे ठेवावेत. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, 268 स्त्रियांच्या एका चाचणीत पद्धतशीर उच्छेदन केलेल्या गटात 22 टक्के, तर नमुनेच घेतलेल्या गटात 9 टक्के स्त्रियांच्या ग्रंथी बाधित आढळल्या. आयुर्मानात मात्र निर्णायक फरक सिद्ध झाला नाही, आणि तो सिद्ध करण्यासाठी चाचणी लहानही होती. म्हणून ‘ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढते’ असे वाक्य लिहू नये. ग्रंथींचे पद्धतशीर उच्छेदन तपासणाऱ्या 2019 च्या लायन चाचणीचा दाखलाही येथे देऊ नये, कारण ती पुढच्या टप्प्यातील रुग्णांवर झाली होती. पायांना सूज येणे आणि पोटात लसीका साठणे हे त्रास मात्र स्पष्ट लिहावेत.

प्रतिसाद (गिरगाव) : ‘प्राथमिक कर्करोग’ असेही मसुद्यात असेल तर बदलावे. प्राथमिक म्हणजे जिथे रोग मूळ उद्भवला तो, असाही अर्थ होतो. ‘सुरुवातीच्या टप्प्यातील’ हे लांब असले तरी निःसंदिग्ध आहे.

दादर : सर्वांचे मनापासून आभार. आता वाक्य असे केले आहे : ‘रोग अंडाशयाबाहेर गेला आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासता यावे म्हणून पोटातील काही लसीका ग्रंथी काढल्या जातात, त्या काढल्या म्हणजे त्यांत रोग होताच, असे नव्हे.’

परळ : ‘काही’ऐवजी ‘काही किंवा बऱ्याच’ करावे. प्रत्येकीची शस्त्रक्रिया सारखी नसते, आणि म्युसिनस (चिकट स्राव तयार करणाऱ्या पेशींच्या) प्रकारातील काही रुग्णांत तर ग्रंथींना हात न लावण्याचाही निर्णय होतो.