'बेबनाव'मधला 'बनाव' कोणता?

तासगावकर:
माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांनी चुलत्यांना लिहिलेलं 1956 सालचं पोस्टकार्ड सापडलं. 'दादा व वहिनी यांशी बेबनाव होऊन चूल वेगळी झाली. जात्याचे अद्याप ठरले नाही.' (जातं शेवटी कुणाकडे गेलं ते आई सांगत नाही.) दहावीतल्या लेकीला वाचून दाखवलं, तर म्हणते, "बाबा, बनाव म्हणजे खोटं रचलेलं ना? पेपरात येतं तसं, 'अपघाताचा बनाव'. मग बेबनाव म्हणजे खरं बोलले?" मी ठोकून दिलं, बे म्हणजे दोन. बे एके बे, बेचाळीस. दोघांची तोंडं दोन दिशांना, दुमत-दुफळीसारखं. चाललं का?

अकोलेकर:
नाही चाललं भाऊ. आमच्याकडे अजून म्हणतात, "सासू-सुनेचं बनत नाही." तोच हा बनाव.

निवृत्त मास्तर:
अकोलेकरांनी नेमकं धरलं. बनणे म्हणजे जुळणे, पटणेही. त्यावरून बनाव म्हणजे सलोखा. त्याला फारसीतला नकाराचा 'बे' लागला. बेइमान, बेकायदा हे तिकडून आले, पण बेचव, बेसूर, बेभान इथेच जुळवलेले. बेबनाव त्यांच्याच पंगतीतला. गंमत अशी की सलोख्याचा बनाव बोलण्यातून गेला. उरला तो 'मला बनवतोस काय?' यातला. म्हणून तुमची लेक अडली, आणि योग्य जागी अडली.

आणखी एक. बेबनाव कुणाशीही होत नाही, आधी बनलेलं असावं लागतं. भाऊ, भागीदार, युतीतले पक्ष. बांधावरून शेजाऱ्याशी होतो तो तंटा. रिक्षावाल्याशी मीटरवरून घालतो ती हुज्जत. मूळ अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा! आपण पुरावा सोडून बाकी सगळं घालतो.

अकोलेकर:
मास्तर, युतीत आधी बनलेलं असतं हे कुणी सांगितलं? 😄

तासगावकर:
लेकीला सगळं सांगितलं, चूक कबूल केली. आई पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. म्हणाली, "बेबनाव कसला? चांगलं कडाक्याचं भांडण होतं, वरवंटा अंगणात येऊन पडला होता. पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो, म्हणून मामंजींनी तसं लिहिलं."

जात्याचं अजूनही सांगत नाही.