मदत हवी आहे: स्टेंटला ७ महिने झालेत, प्रोस्टेटचं ऑपरेशन करायचंय, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं काय?

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितोय. बाबा ७१ वर्षांचे. ७ महिन्यांपूर्वी अ‍ॅटॅक आला तेव्हा २ स्टेंट बसवले, तेव्हापासून इकोस्प्रिन ७५ (अ‍ॅस्पिरिन) आणि क्लोपिडोग्रेल ७५ या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या रोज चालू. गेल्या महिन्यात एका रात्री लघवीच तुंबली, कॅथेटर (लघवीची नळी) घातला, टॅमसुलोसिन (लघवी मोकळी व्हायची गोळी) देऊन दोनदा काढून बघितला तर दोन्ही वेळा परत तेच. प्रोस्टेट ८० ग्रॅम आलंय. युरोलॉजिस्ट म्हणतात टीयूआरपी (लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून प्रोस्टेट खरवडायचं ऑपरेशन) करू पण क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी बंद हवी, नाहीतर रक्त आवरणार नाही. हार्टवाले म्हणतात वर्ष पुरं होईपर्यंत गोळीला हात लावू नका, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल. दोघांचंही पटतं हो, फाईल घेऊन मधल्यामधे पळतोय मी.

शेजारचे काका सांगतात त्यांची गोळी थांबवून पोटात इंजेक्शनं दिलेली, तसंच करा. बाबांना चालेल का?

त्यात चवथ तोंडावर आलीय आणि कॅथेटरची पिशवी लुंगीत खोचून माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधायला शिडीवर चढायला निघालेत!

— — —

प्रतिसाद १: काकांची गोळी वॉरफरिन असणार, रक्त पातळ करायची ती वेगळी गोळी, हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेल्यांना वगैरे देतात. त्यात काहींना हेपारिनची इंजेक्शनं देतात, पण स्टेंटमध्ये प्लेटलेट चिकटू नयेत म्हणून असलेल्या गोळीचं काम ते करत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी हाच घोळ होता. शेवटी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावलं आणि काय ठरलं ते फाईलवर लिहून घेतलं, निम्मी डोकेदुखी तिथेच गेली. त्यांनी वर्ष होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तोवर कॅथेटर ठरल्या वेळी बदलत राहिलो, मग क्लोपिडोग्रेल थांबवली, इकोस्प्रिन मात्र ऑपरेशनच्या दिवशीही चालू होती. लेझरबद्दल जरूर विचारा, टीयूआरपीपेक्षा रक्त कमी जातं. आणि परत कधी सुरू करायची तेही आधीच विचारून ठेवा, आमच्याकडे ते विचारायचंच राहिलं होतं. स्वतःहून एकही गोळी चुकवू नका.

— — —

धागाकर्ता: आभार. उद्याच दोघांना फोन जोडून देतो. अजून एक, काल पिशवीत लघवी गुलाबी दिसली?

— — —

प्रतिसाद २: कॅथेटर हलला की थोडी गुलाबी होते, त्यात या गोळ्या चालू. पाणी किती प्यायचं ते हार्टवाल्यांना विचारा. पण गडद लाल झाली, गुठळ्या आल्या किंवा पिशवीत यायचीच बंद झाली तर रात्र असली तरी सरळ गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) कॅज्युअल्टीत न्या. आणि शिडीवरून उतरवा त्यांना आधी, पिशवी ओढली जातेय ती त्यानेच असेल.